पडदा आणि कळ

चित्रपटाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी आजवर दोन प्रकारच्या माणसांचा इतिहास लिहिला आहे. एक, जे पडद्यावर दिसले त्यांचा; आणि दुसरा, ज्यांनी त्यांना पडद्यावर आणले त्यांचा. नट, नटी, दिग्दर्शक, भांडवलवाले यांची चरित्रे ग्रंथालयांत रांगेने उभी आहेत. पण पडद्याच्या समोर, प्रेक्षकांच्या पाठीमागे, कोंदट खोलीत उभा राहून जो माणूस कळ फिरवीत होता, त्याचे चरित्र कोणी लिहिले नाही. आम्ही कामगार चळवळीत तीस वर्षे काढलेली माणसे. शाळा लवकर सुटली, जे काही वाचले ते युनियनच्या कचेरीतल्या कपाटातले आणि रात्रीच्या वाचनालयातले. तेव्हा कोणत्याही वस्तूचा इतिहास म्हटला की आमच्या मनात पहिला प्रश्न उभा राहतो तो असा, की ही वस्तू चालवीत कोण होते, आणि आता कोण चालवतो? आजच्या व्याख्यानाचा विषय घरच्या पडद्याचा आहे. सांप्रत ज्याला लोक 'होम थिएटर' म्हणतात, म्हणजे मोठा टीव्ही, त्याच्याशी जोडलेला अँप्लिफायर, पाच-सहा स्पीकर, सेट-टॉपचा डबा आणि टोपलीभर रिमोट, त्या सगळ्या प्रपंचाची कळ कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेली, हे आम्हांस श्रोत्यांपुढे मांडायचे आहे.

आरंभ मुंबईहून नव्हे तर कल्याणहून केला पाहिजे. १८९२ च्या सुमारास कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन यांनी आपल्या मुलांच्या मदतीने 'शांबरिक खरोलिका' या नावाने चित्रदीपाचे खेळ सुरू केले. काचेच्या पट्ट्यांवर हाताने रंगवलेली चित्रे, पाठीमागे दिवा, पुढे भिंग, आणि समोर पांढरा पडदा. चित्रे स्थिर, पण एकामागून एक अशा काचा हलक्या हाताने सरकवीत नेल्या की चित्रातला माणूस हात हलवतो, मान वळवतो, असा भास होई. हा सारा खेळ चालवणाराच्या बोटांत होता. तो घाईत असला तर खेळ घाईत, तो थबकला तर खेळ थबकला. पुढे ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्यूमिए बंधूंच्या यंत्राचा पहिला खेळ झाला, त्याही यंत्राला हाताने फिरवायचा दांडा होता. सेकंदाला सुमारे सोळा चौकटी पुढे सरकाव्यात इतक्या बेताने दांडा फिरवायचा, तोही अर्धा तास, एकतास, दिव्याच्या उष्णतेत. आज टीव्हीच्या मेन्यूत 'मोशन' नावाचे एक कलम असते, त्यात चित्राची चाल कमी-अधिक गुळगुळीत करता येते. ते कलम त्या काळी माणसाच्या खांद्यात होते.

दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये लागला, हे सर्वांना ठाऊक आहे. मूकपटाच्या त्या काळात खेळाचा आवाज हा पडद्यापाशी बसलेल्या पेटीवाल्याच्या आणि तबलजीच्या हाती, आणि चित्र ऑपरेटरच्या हाती, अशी विभागणी होती. ही विभागणी लक्षात ठेवावी, कारण पुढे घरात आली तीही नेमकी हीच: चित्र एका यंत्राचे, आवाज दुसऱ्याचा.

१४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये 'आलम आरा' लागला आणि पेटीवाल्यांची नोकरी गेली. दुसऱ्याच वर्षी प्रभातच्या 'अयोध्येचा राजा'ने मराठीला बोलका पडदा दिला. गेलेल्या वादकांचे पुढे काय झाले, याची नोंद कोठे फारशी सापडत नाही. नवे यंत्र आले की जाणाऱ्यांची नोंद ठेवण्याची आपल्याकडे रीत नाही. ऑपरेटरची मात्र जबाबदारी वाढली. ती किती वाढली हे थोडे तपशिलाने सांगितले पाहिजे, कारण आजच्या मेन्यूतली निम्मी कलमे त्या एका माणसाच्या अंगात होती.

बोलपटाची फिल्म सेकंदाला चोवीस चौकटी, म्हणजे मिनिटाला नव्वद फूट या वेगाने जाते. तीन तासांचा खेळ म्हणजे सोळा हजार फुटांवर फिल्म. एका हजार फुटांच्या रिळाला अकरा मिनिटे लागतात. म्हणून दोन यंत्रे शेजारी शेजारी ठेवलेली असत. एकावरचे रीळ संपत आले की पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात एक ठिपका क्षणभर चमके. तो पाहून ऑपरेटर दुसऱ्या यंत्राची मोटार चालू करी, आणि सात-आठ सेकंदांनी दुसरा ठिपका दिसताच एकाचा प्रकाश बंद, दुसऱ्याचा चालू. प्रेक्षकांना याचा पत्ताही लागू नये, यातच त्याची कारागिरी. मध्यंतरी दिव्याचे कार्बन जळून त्यांच्यातले अंतर वाढले तर चित्र पिवळे पडे. ते अंतर सतत सारखे करावे लागे. आज त्याला 'ब्राइटनेस' आणि 'कलर टेंपरेचर' म्हणतात.

आणखी एक गोष्ट त्याहून नाजूक. फिल्मच्या कडेला असलेला आवाजाचा पट्टा हा त्याच्या चित्राशेजारी नसे. तो सुमारे वीस चौकटी पुढे असे, कारण चित्राला भिंगासमोर क्षणोक्षणी थांबावे लागते आणि आवाजाला अखंड सरकावे लागते, तेव्हा दोघांची जागा एक असू शकत नाही. म्हणून यंत्रात फिल्म ओवताना मधला वळसा नेमक्या मापाचा ठेवावा लागे. वळसा दोन-चार चौकटींनी चुकला की नटाचे ओठ एकीकडे आणि शब्द दुसरीकडे. हा वळसा ऑपरेटर बोटांनी मोजत असे. आज घरच्या अँप्लिफायरच्या मेन्यूत, चार पायऱ्या खाली उतरल्यावर, 'लिप सिंक' किंवा 'ऑडिओ डिले' असे एक कलम असते, त्यात मिलिसेकंदांचे आकडे असतात. एक चौकट म्हणजे साधारण बेचाळीस मिलिसेकंद. टीव्ही चित्रावर संस्कार करण्यात वेळ घेतो, आवाज आधीच स्पीकरमधून निघून गेलेला असतो, म्हणून आवाजाला थोडे थांबवून धरायचे. काम तेच, कारण वेगळे. ज्या घरात वृत्तनिवेदकाचे ओठ मिटल्यावर शब्द येतात किंवा ओठ उघडण्याआधीच येतात, तेथे हे कलम कोणी उघडलेले नसते एवढेच.

या कामाला परवाना लागे. त्याचे कारण आगीत होते. १८९७ च्या मे महिन्यात पॅरिसच्या एका धर्मादाय बाजारात चलच्चित्राच्या दिव्यावरून आग लागून सव्वाशे माणसे जळाली. शिवाय त्या काळची नायट्रेट फिल्म स्वतःच स्फोटक; ती १९५० च्या सुमारास मागे पडली. हिंदुस्थानात १९१८ साली सिनेमाचा कायदा झाला, त्याच्या मुळाशी एका बाजूला सरकारला नको असलेल्या चित्रांची भीती आणि दुसऱ्या बाजूला आगीची भीती होती. सरकारच्या पहिल्या भीतीबद्दल पुस्तके आहेत. दुसऱ्या भीतीमुळे ऑपरेटरला कागद मिळाला, आणि कागद मिळाला की कामगाराला निदान आपले नाव सांगता येते. तथापि टॉकीजमधला हा परवानाधारक कारागीर बहुतेक ठिकाणी तुटपुंज्या पगारावर, साप्ताहिक सुटीवाचून राबला. १९८१ साली सिने-कामगार आणि चित्रपटगृह-कामगार यांच्यासाठी कायदा झाला. पाच किंवा अधिक कामगार असलेल्या चित्रपटगृहांना भविष्यनिर्वाह निधी लागू झाला. पुढे २०२० च्या श्रमसंहितेत तो कायदा विलीन करण्यात आला. पण तोवर कायदा ज्याच्यासाठी होता तो ऑपरेटरच नाहीसा होत चालला होता. २००५ नंतरच्या दशकात चित्रपट उपग्रहावरून आणि हार्डडिस्कवरून येऊ लागले, रिळे गेली, ठिपके गेले, आणि खेळ केव्हा सुरू व्हायचा ते एका संगणकाच्या यादीत आधीच भरले जाऊ लागले.

आता घराकडे वळू. घरात आलेली पहिली कळ रेडिओची. नागपूरला आकाशवाणीचे केंद्र १९४८ साली सुरू झाले. रेडिओला दोन मोठी बटणे: एक आवाजाचे, एक स्टेशनचे, फार तर तिसरे पट्टा बदलण्याचे. काटा कोठे आहे ते काचेवर दिसे, आणि न दिसले तरी बोटांना कळे. आमच्या वस्तीत एम्प्रेस मिलमध्ये आयुष्य घालवलेले, पुढे दृष्टी गेलेले एक वृद्ध होते. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांनी सुरू केलेल्या त्या गिरणीत यंत्र कानाने ओळखण्याची विद्या त्यांनी मिळवली होती, आणि तीच ते रेडिओला लावीत. बटण किती फिरले, काटा कोठे आला, हे ते खरखरीच्या बदलत्या स्वरावरून सांगत. डोळस माणसाला ते जमत नसे. ही गोष्ट सांगण्याचे कारण पुढे येईल.

दूरचित्रवाणी दिल्लीला १५ सप्टेंबर १९५९ रोजी आणि मुंबईला २ ऑक्टोबर १९७२ रोजी आली. रंग १९८२ साली आले. आमच्याकडे नागपुरात ती खऱ्या अर्थाने घरोघर पोचली ती ऐंशीच्या दशकात, आणि आली तीही सामुदायिक होऊन. एका घरात संच, आणि ओसरीत सारी आळी. त्या संचाला ब्राइटनेस, कॉन्ट्रास्ट, आणि पाठीमागे 'व्हर्टिकल होल्ड' अशी बटणे असत. चित्र खालून वर पळू लागले की सहावीतले पोरही संचामागे हात घालून ते थांबवी. आणि सर्वांत मोठी कळ होती छपरावर. एक जण कौलांवर चढून अँटेना फिरवी, एक जण दारात, एक जण संचासमोर. "आलं का?" "मुंग्या येऊन राहिल्या!" "आता?" "थोडा इकडं... होता तिथंच राहू दे ना बाप्पा!" या यंत्राचे नियंत्रण एका माणसाच्या हाती नव्हते, ते तीन माणसांच्या आवाजात होते. गिरणीतल्या खात्यांत काम याच पद्धतीने चाले, म्हणून आमच्या लोकांना त्यात परके असे काही वाटले नाही.

रिमोट मात्र दुसऱ्या देशात, दुसऱ्या हेतूने जन्मला होता. अमेरिकेतल्या झेनिथ कंपनीने १९५० साली एका तारेला जोडलेले नियंत्रक काढले. त्या तारेत लोक अडखळून पडत. १९५५ साली युजीन पॉली या अभियंत्याने प्रकाशाचा झोत टाकून चालणारे नियंत्रक काढले. पण संचाच्या कोपऱ्यांवर ऊन पडले की संच आपोआप वाहिनी बदलू लागे. १९५६ साली रॉबर्ट ॲडलर यांनी त्यावर तोडगा काढला. नियंत्रकात ॲल्युमिनियमच्या चार लहान दांड्या. कळ दाबली की हातोडी दांडीवर बसते आणि माणसाच्या कानाला न कळणारा सूर निघतो, तो संच ऐकतो. त्याला बॅटरीही लागत नसे, कारण बॅटरी संपली तर गिऱ्हाईक संच बिघडला असे समजेल, अशी विक्रेत्यांना धास्ती होती. कंपनीच्या प्रमुखाला जाहिरातींचा तिटकारा होता, आणि बसल्या जागेवरून जाहिरातीचा आवाज बंद करता यावा हा या खटाटोपामागचा एक मुख्य हेतू होता. आज त्याच रिमोटवर चित्रपट विकणाऱ्या कंपन्यांच्या नावांची बटणे असतात आणि त्या जागेसाठी पैसे मोजले जातात. जाहिरात थांबवण्यासाठी जन्मलेली वस्तू स्वतःच जाहिरातीचा फलक झाली, हे इतिहासात क्वचित घडते असे नाही. पण इतके उघडपणे क्वचितच.

पुढे दांड्या जाऊन अवरक्त प्रकाश आला. रिमोटच्या टोकाचा दिवा सेकंदाला छत्तीस ते चाळीस हजार वेळा लुकलुकतो, आणि त्या लुकलुकण्याच्या तुकड्यांत आज्ञा सांकेतिक अंकांत भरलेली असते. इंग्लंडमध्ये १९७४ साली बीबीसीने पडद्यावर बातम्यांची पाने दाखवण्याची सोय काढली. प्रत्येक पानाला तीन आकडी क्रमांक. ते क्रमांक दाबण्यासाठी चार बटणांचे नियंत्रक अपुरे पडले, आणि आकड्यांच्या बटणांनी भरलेला आजचा रिमोट रूढ झाला. पडद्यावर अक्षरे उमटवणारी जी यंत्रणा संचात बसली, तिच्यातूनच पुढे मेन्यू निघाला.

येथे थोडे थांबले पाहिजे, कारण आमच्या मते या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा पालट हाच आहे. संचावरचे प्रत्येक बटण म्हणजे एक धातूची दांडी, एक फिरता रोधक, चार तारा, आणि ते बसवणारा व जुळवणारा कामगार. सूक्ष्मसंगणक संचात आला तेव्हा कारखानदाराच्या ध्यानात आले, की हीच गोष्ट पडद्यावर अक्षरांनी दाखवली तर बटण लागत नाही, तार लागत नाही, आणि हातात पेचकस घेऊन जुळवणी करणारी रांगही तोकडी होते. मेन्यू हा ग्राहकाच्या सोयीसाठी आला असे जाहिराती सांगतात. त्यात थोडे तथ्य आहे, कारण वीस बटणांच्या जागी दोनशे कलमे मावली. पण त्याचा पहिला लाभ कारखान्याच्या हिशेबात जमा झाला, हे विसरून चालणार नाही. दुसरी गोष्ट अशी, की मेन्यू दोन झाले. एक ग्राहकाला दिसणारा. आणि दुसरा, विशिष्ट क्रमाने बटणे दाबल्याशिवाय न उघडणारा, दुरुस्तीवाल्यांसाठीचा. पूर्वी संचाचे पाठ उघडले की जुळवणीचे पेच दिसत, आणि बर्डीवरचा कोणताही मेकॅनिक ते फिरवू शके. आता ते पेच एका गुप्त क्रमामागे गेले, आणि तो क्रम अधिकृत सेवा केंद्रापाशी राहिला. मेकॅनिकचे हात तेच राहिले, पण त्याच्या विद्येला कुलूप लागले. २०२२ साली केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी त्याचे संकेतस्थळही काढले. मोबाइल, घरगुती उपकरणे, मोटारी आणि शेतीची अवजारे ही चार क्षेत्रे तिने घेतली. हा प्रश्न दुकानात बसलेल्या कारागिराच्या पोटाचा आहे, हे त्या चर्चेत जितके यावयास हवे तितके आलेले आम्हांस दिसले नाही.

आता घरात चित्रगृह कसे आले ते पाहू. सिनेमागृहातला चहूबाजूंचा आवाज घरी आणण्याची डॉल्बीची पहिली योजना १९८२ ची, सुधारलेली १९८७ ची. १९९६ च्या अखेरीस जपानात डीव्हीडी आली आणि तिच्या पाठोपाठ पाच स्पीकर व एक वूफर अशी मांडणी जगभर पसरली. आमच्याकडे याच काळात दुसरी घडामोड चालू होती. १९९१ नंतर केबल आली. आळीतल्या एखाद्या तरुणाने गच्चीवर तबकडी बसवली, खांबांवरून तारा ओढल्या, आणि रात्री एक व्हिडिओ लावून साऱ्या वस्तीला सिनेमा दाखवू लागला. खांबावर चढणाऱ्या पोरांना ना विमा, ना हजेरीपट. त्यांना संघटित करण्याच्या प्रयत्नात आमच्या चपला झिजल्या, कारण मालक कोण हेच ठरत नसे. मग डिजिटलचा हुकूम आला. देशातल्या अडतीस शहरांचा जो दुसरा टप्पा होता, त्यात नागपूर होते, आणि मुदत होती ३१ मार्च २०१३. त्या तारखेनंतर नागपुरात सेट-टॉपच्या डब्याशिवाय केबलचे चित्र दिसेनासे झाले. प्रत्येक घरात दुसरा रिमोट आला, आणि दुसरा मेन्यूही. १ फेब्रुवारी २०१९ पासून दूरसंचार नियामकाच्या नव्या दरपद्धतीने वाहिन्या एकेक करून निवडण्याचा अधिकार ग्राहकाला दिला: शंभर वाहिन्यांच्या वहनाचे १३० रुपये, अधिक कर, आणि पैशाच्या वाहिन्यांचे वेगळे. कागदावर निवड ग्राहकाची. प्रत्यक्षात ती निवड ज्या मेन्यूतून करायची तो मेन्यू वाचता येणाऱ्याची.

आमचे हुडकेश्वर हे नागपूरच्या दक्षिणेचे एकेकाळचे खेडे. म्हाळगीनगरच्या पुढे शेतांचे प्लॉट पडले, गिरणीतून सुटलेल्यांनी, एसटी-रेल्वेतून निवृत्त झालेल्यांनी, शिक्षकांनी घरे बांधली. पुढे वस्ती महापालिकेच्या हद्दीतही आली. मुले पुण्याला, बंगळूरला नोकरीस, आईबाप येथे. दिवाळीला मुलगा येतो, भिंतीएवढा टीव्ही आणि होम थिएटर लावून देतो, सारे जुळवून देतो आणि तिसऱ्या दिवशी परत जातो. मग आमच्यासारख्या शेजाऱ्याला फोन येतो: "भाऊ, टीव्ही मुका होऊन गेला. चित्र हाये, आवाज नाही." आम्ही जातो. प्लॅस्टिकच्या टोपलीत चार रिमोट, प्रत्येकाला धुळीपासून राखण्यासाठी पिशवी घातलेली. काकाजी म्हणतात, "आम्ही सहाशे चात्यांचं खातं सांभाळलं, न् हे चार काड्या आम्हाले सांभाळून नाही राहिल्या."

दोष काकाजींचा नाही, हे समजून घेण्यासाठी जोडणी पाहावी लागते. डब्याची तार अँप्लिफायरला, अँप्लिफायरची तार टीव्हीला. या तारेला एचडीएमआय म्हणतात. तिचा पहिला आराखडा डिसेंबर २००२ चा. अँप्लिफायरला स्वतःचा मेन्यू असतो, पण स्वतःचा पडदा नसतो. तो आपला मेन्यू टीव्हीच्या पडद्यावर उमटवतो. तेव्हा टीव्ही जर दुसऱ्याच इनपुटवर असेल, तर अँप्लिफायरचा मेन्यू उघडलेला असूनही दिसत नाही. तो दिसण्यासाठी आधी टीव्हीच्या रिमोटने टीव्हीचे इनपुट बदलायचे, मग अँप्लिफायरच्या रिमोटने त्याचे इनपुट, मग डब्याच्या रिमोटने वाहिनी. नातीने खेळता खेळता एक बटण दाबले की ही साखळी तुटते, आणि तुटली कोठे हे सांगणारी खूण पडद्यावर येत नाही. अवरक्त रिमोट एकतर्फी बोलतो. उलट उत्तर ऐकण्यासाठी त्याला कान नाहीत. ऑपरेटरच्या खोलीत दोन यंत्रे होती, पण ती चालवणारा एक होता आणि त्याला दोन्ही दिसत होती. येथे यंत्रे चार, आणि त्यांतली तीन कपाटात.

यावर उपाय त्या तारेतच करून ठेवलेला आहे, आणि तो फार थोड्यांना ठाऊक असतो. एचडीएमआयच्या एकोणीस टाचण्यांपैकी तेरावी टाचणी ही यंत्रांनी एकमेकांशी बोलण्यासाठी राखलेली आहे. या बोलण्याला सीईसी म्हणतात. त्यात टीव्हीचा क्रमांक शून्य, ध्वनियंत्राचा पाच, असे क्रमांक ठरलेले असतात. हे बोलणे चालू असले, की एका रिमोटने आवाज वाढवता येतो, डबा चालू केला की टीव्ही आपले इनपुट आपण बदलतो, टीव्ही बंद केला की सारे बंद होते. २००९ साली त्याच तारेतून टीव्हीचा आवाज उलट दिशेने अँप्लिफायरकडे नेण्याची सोय झाली. पण गंमत पाहा: एका मानकाच्या या एका सोयीला प्रत्येक कंपनीने आपापले नाव दिले. सॅमसंग तिला 'एनीनेट', सोनी 'ब्राव्हिया सिंक', एलजी 'सिम्पलिंक', पॅनासॉनिक 'व्हिएरा लिंक' म्हणते. सीईसी हा शब्द मेन्यूत शोधणाऱ्याला तो सापडत नाही. कित्येक यंत्रांत ही सोय मुळात बंद ठेवलेली असते. टाचणी एक, भाषा एक. पण प्रत्येक मालकाला आपली युनियन वेगळी हवी, असा हा प्रकार आम्हांस परिचयाचा वाटतो.

भाषेचा मुद्दा टाळता येत नाही. बहुतेक मेन्यू इंग्रजीत. काही नव्या संचांत मराठी मिळते. पण ती निवडण्यासाठी आधी इंग्रजीतल्या 'सेटिंग्ज'मधून 'सिस्टिम'मध्ये आणि तेथून 'लँग्वेज'पर्यंत जावे लागते, म्हणजे ज्याला इंग्रजी येते त्यालाच मराठी मिळते. आणि मघाशी ज्या अंध वृद्धांचा उल्लेख केला त्यांचे काय? रेडिओचे बटण बोटांना कळत होते. मेन्यू डोळ्यांवाचून कळत नाही. वर-खाली-डावे-उजवे ही चार बटणे सारखीच, आणि त्यांचा अर्थ त्या क्षणी पडद्यावर काय आहे यावर अवलंबून. काही संच मेन्यू वाचून दाखवतात, हे खरे. ती सोय चालू करण्याचे कलम पुन्हा मेन्यूतच असते.

अलीकडे रिमोटमध्ये माइक बसवला आहे. बटण दाबून बोलायचे, आणि बोलणे तारेवाटे कंपनीच्या संगणकाकडे जाऊन आज्ञा होऊन परत येते. काकाजींनी तोही प्रयोग केला. "आवाज वाढव" हे यंत्राला कळले. "जरासा वाढव ना बा" हे कळले नाही. शेवटी हुडकेश्वर रोडवरच्या एका लहानशा दुकानातल्या आयटीआय शिकलेल्या मुलाने मार्ग काढला. त्याने टीव्हीत आणि अँप्लिफायरमध्ये सीईसी चालू केले, ओठ आणि शब्द जुळेपर्यंत आवाजाचा विलंब ऐंशी मिलिसेकंदांवर आणला, तीन रिमोट कपाटात ठेवले, आणि उरलेल्या एकावर नेलपॉलिशचे चार ठिपके दिले: चालू, आवाज वर, आवाज खाली, मागे. ठिपके वाळले की बोटांना जाणवतात. या कामाचे त्याने दीडशे रुपये घेतले. त्याच्यापाशी एक दोनशेपानी वही आहे. तीत तो प्रत्येक कंपनीच्या संचाचा मेन्यू मराठीत पायरीपायरीने उतरवून ठेवतो, कोणत्या सोयीला कोणती कंपनी काय नाव देते ते समासात लिहितो, आणि कंपनीने संचाची अंतर्गत रचना परस्पर बदलली की जुने पान खोडून नवे लिहितो. आम्ही ती वही पाहिली तेव्हा निम्मी भरली होती, आणि बरीच पाने खोडलेली होती.